मिरचीचा हिशेब : दिसणारा नफा आणि उरणारा नफा

दसरा झाला की नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. व्हीएनआर, लाली, फापडा, जरेला अशा जातींच्या मिरचीने भरलेली वाहने रांगेत उभी राहतात. लिलाव होतो, मिरची तोलली जाते आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर जाऊन पडते. काही दिवसांत मैलभर जमीन लाल दिसू लागते. मिरचीच्या व्यापारात गुंटूरनंतर नंदुरबारचे नाव आदराने घेतले जाते. या व्यापारात आपल्या समाजाचे लोकही आहेत. कोणी खरेदीदार आहे, कोणाची पथारी आहे, कोणाची चक्की आहे, तर कोणी हमाल, ट्रकचालक किंवा मिस्त्री आहे.

हंगाम संपल्यावर मात्र एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो. "माल तर भरपूर विकला, भावही बरा मिळाला, मग पैसा गेला कुठे?" या प्रश्नाचे उत्तर नशिबात शोधण्याआधी वहीत शोधले पाहिजे. अर्थशास्त्र आणि हिशेबशास्त्र यांतील चार-पाच साध्या कल्पना समजून घेतल्या, तर हे उत्तर सातवी पास माणसालाही सापडू शकते. त्यासाठी हा लेख.

लिहिणे ही आपलीच शिकवण

कुरआनमधील सर्वांत मोठी आयत नमाज किंवा रोजाविषयी नाही, ती उधारीच्या व्यवहाराविषयी आहे. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची, न्यायाने लिहिणारा लेखक नेमण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असेही तेथे बजावले आहे. आपल्या मराठी वहीतले जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, तारीख आणि खुद्द हिशेब हे सारे शब्द मूळ अरबी आहेत. शब्द आपल्याकडून आले आणि वही मात्र आपल्याच दुकानात कोरी राहिली, ही खेदाची गोष्ट आहे.

एका हंगामाचे उदाहरण

समजा, एका व्यापाऱ्याने ५०० क्विंटल ओली मिरची ३,००० रुपये क्विंटलने घेतली. पुढील सर्व आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. चार क्विंटल ओल्या मिरचीपासून एक क्विंटल सुकी मिरची मिळाली असे धरू. म्हणजे सुका माल १२५ क्विंटल.

खरेदीचे १५,००,००० रुपये. पसरणे, उलटणे, निवडणे आणि देठ काढणे यांची मजुरी १,००,००० रुपये. हमाली, तोलाई, बाजार फी, बारदान आणि वाहतूक मिळून ७५,००० रुपये. हा खर्च मालाबरोबर वाढतो आणि मालाबरोबर घटतो. त्याला बदलता खर्च म्हणतात. तो १६,७५,००० रुपये झाला, म्हणजे सुक्या मालाच्या प्रत्येक क्विंटलमागे १३,४०० रुपये.

याशिवाय पथारीचे भाडे ६०,०००, राखणदार ४०,०००, मुनीम, वीज, फोन, काटा वगैरे ५०,००० रुपये. माल ५० क्विंटल निघो की २०० क्विंटल, हा १,५०,००० रुपयांचा खर्च ठरलेलाच आहे. हा स्थिर खर्च. एकूण खर्च १८,२५,००० रुपये.

माल १७,००० रुपये क्विंटलने विकला तर २१,२५,००० रुपये येतात. वहीत नफा दिसतो ३,००,००० रुपये. घरात आनंद होतो, मुलीच्या लग्नाची तारीख काढली जाते.

जो खर्च वहीत चढत नाही

आता थांबून विचार करा. स्वतः व्यापारी आणि त्याचे दोन मुलगे चार महिने पहाटेपासून रात्रीपर्यंत राबले. तिघांनी हेच काम दुसऱ्याकडे महिना १२,००० रुपयांवर केले असते, तर १,४४,००० रुपये मिळाले असते. दुकानाचा गाळा स्वतःचा आहे. तो भाड्याने दिला असता तर चार महिन्यांचे २०,००० रुपये आले असते. आणि जे भांडवल मिरचीत अडकले, ते एखाद्या जाणत्या माणसाच्या हलाल धंद्यात भागीदारीने लावले असते, तर त्यातून ८०,००० रुपये मिळण्यासारखे होते असे धरू. तिन्ही मिळून २,४४,००० रुपये होतात.

अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. एक काम निवडले म्हणून जे दुसरे सोडावे लागले, त्याची ही किंमत आहे. हे पैसे कोणाला द्यावे लागत नाहीत, म्हणून वहीत चढत नाहीत. पण ३,००,००० मधून २,४४,००० वजा केले की मिरचीच्या धंद्याचा खरा नफा राहतो ५६,००० रुपये. उरलेले पैसे म्हणजे घरच्यांची मजुरी, गाळ्याचे भाडे आणि भांडवलाचा मोबदला आहे.

येथे कोणी म्हणेल, भांडवलाचा मोबदला धरणे म्हणजे व्याज झाले. तसे नाही. रिबा हराम आहे यात वाद नाही. ठरावीक व्याज घेणे वेगळे आणि "माझे पैसे मुदारबा किंवा मुशारकात लावले असते तर काय मिळाले असते" अशी तुलना करणे वेगळे. ही तुलना निर्णयासाठी आहे, ती कोणाकडून वसूल करायची नाही.

दुसरी गोष्ट त्या लग्नाची. व्यापाऱ्याने तीन लाख नफा समजून खर्च केले आणि घरखर्चही दुकानातूनच चालवला, तर पुढच्या दसऱ्याला खरेदीसाठी भांडवल कमी पडते. मग घरातले दागिने गहाण पडतात किंवा सावकाराचे दार ठोठावावे लागते. व्याजाच्या खाईत आपला माणूस पडतो तो पुष्कळदा हौसेने नव्हे, चुकलेल्या हिशेबाने पडतो. म्हणून व्यापाऱ्याने स्वतःचा आणि मुलांचा महिन्याचा पगार ठरवावा, तो खर्चात लिहावा आणि घर त्या पगारात चालवावे.

किती माल विकल्यावर नफा सुरू होतो?

विक्रीचा भाव १७,००० आणि बदलता खर्च १३,४००. प्रत्येक क्विंटलमागे ३,६०० रुपये उरतात. या ३,६०० रुपयांतून आधी स्थिर खर्च भागतो. १,५०,००० भागिले ३,६०० म्हणजे साधारण ४२ क्विंटल. ४२ क्विंटलला ना नफा ना तोटा. संधी-खर्चही त्यात धरला तर ३,९४,००० भागिले ३,६०० म्हणजे जवळजवळ ११० क्विंटल. म्हणजे १२५ क्विंटलपैकी शेवटचे पंधरा क्विंटल खरा नफा देतात, आधीचे सगळे खर्च फेडतात.

हे पंधरा क्विंटल किती नाजूक आहेत ते पाहा. मिरची जरा जास्त ओली निघाली आणि चारऐवजी ४.४ क्विंटल ओल्या मालात एक क्विंटल सुका माल मिळाला, तर १२५ ऐवजी ११३.६ क्विंटलच हाती येतात. विक्री सुमारे १,९३,००० रुपयांनी घटते. वहीतला नफा १,०७,००० वर येतो आणि संधी-खर्च धरला तर १,३७,००० रुपयांचा तोटा होतो. लिलावात क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी आपण घसा कोरडा करतो. पण कोणत्या गावच्या, कोणत्या जातीच्या, कोणत्या तोड्याच्या मालाला किती घट आली, याची नोंद किती जण ठेवतात? प्रत्येक लॉटचे ओले वजन आणि सुके वजन वेगळे लिहिले, तर दोन हंगामांत ही वहीच सांगेल की कोणता माल महाग वाटूनही स्वस्त पडतो.

अवकाळी पाऊस आणि बुडालेला खर्च

पथारी उघड्या आभाळाखाली असते. २०२१ मध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला आणि २०२३ मध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस झाला. अशा पावसात ताडपत्री पोचेपर्यंत पसरलेली मिरची भिजते, काळी किंवा पांढरी पडते आणि भाव घसरतो.

समजा, आपल्या व्यापाऱ्याचा माल खराब झाला आणि भाव १२,००० रुपये झाला. त्याला तो पडला आहे १४,६०० रुपयांना. तो म्हणतो, "माझ्या किमतीखाली विकणार नाही." हा निश्चय मर्दानी वाटतो, पण हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा आहे. १४,६०० रुपये खर्च होऊन गेले. माल विकला तरी ते परत येणार नाहीत आणि ठेवला तरी येणार नाहीत. याला बुडालेला खर्च म्हणतात. निर्णय घेताना मागे किती गेले हे पाहायचे नसते, यापुढे काय जाणार आणि काय येणार हे पाहायचे असते.

माल तीन महिने शीतगृहात ठेवला तर भाडे ४५० रुपये धरू. आज विकून आलेले १२,००० रुपये फिरवले असते तर ६०० रुपये मिळाले असते. वजनातही दोन टक्के घट येईल. हे सारे धरले तर तीन महिन्यांनी किमान १३,३०० रुपये भाव मिळाला पाहिजे. १४,००० मिळण्याची सबळ खात्री असेल तर थांबावे, जरी तो भाव पडत्या किमतीपेक्षा कमी असला तरी. १३,००० च मिळतील असे दिसत असेल तर आजच विकावे, कितीही जीव तुटला तरी. या हिशेबात १४,६०० हा आकडा कुठेच येत नाही.

भिजलेल्या मालाबद्दल आणखी एक मोह होतो. पोत्यात खाली ओलसर माल आणि वर कोरडा. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा सवाल त्यांनी केला आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. ही हदीस जणू आपल्या पथारीसाठीच आहे. दुनियेच्या हिशेबानेही हा मोह महाग पडतो. नीट न सुकलेल्या मिरचीत बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. युरोपीय देशांत मिरचीतील एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली की कंटेनर परत येतो आणि त्या गावच्या मालाचेच नाव खराब होते. खराब माल वेगळा करून खराब म्हणूनच विकला, तर तोटा एकदाच होतो.

नफा वहीत आणि पैसा उधारीत

शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागतात, पण बाहेरगावचा खरेदीदार उधारी मागतो. सुकवायला वीस दिवस, गोदामात पंधरा दिवस आणि उधारीचे पंचेचाळीस दिवस मिळून ऐंशी दिवसांनी पैसा परत येतो. हंगाम दीडशे दिवसांचा. म्हणजे भांडवलाच्या दोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. उधारी पंधरा दिवसांवर आणली तर पन्नास दिवसांत एक आणि हंगामात तीन फेऱ्या होतात.

त्यासाठी भावात दोन टक्के, म्हणजे क्विंटलमागे ३४० रुपये सोडावे लागले तरी हरकत नाही. दोन फेऱ्यांत क्विंटलमागे ३,६०० प्रमाणे ७,२०० रुपये सुटतात, तर तीन फेऱ्यांत ३,२६० प्रमाणे ९,७८० रुपये. पथारीवर जागा आणि बाजारात माल असेल तर कमी भावाचा लवकर पैसा जास्त भावाच्या उधारीपेक्षा बरा. मात्र भाव आणि मुदत सौदा करतानाच ठरवून लिहावी. उशीर झाला म्हणून मागाहून रक्कम वाढवणे हे रिबाच्या दारात जाणे होय.

चक्कीवाले आणि कारागीर

हे हिशेब फक्त मोठ्या व्यापाऱ्याचे नाहीत. मिरची दळण्याचा दर किलोला १० रुपये आहे, वीज आणि मजुरी साडेसहा रुपये लागते, असे धरा. हंगाम सरल्यावर कोणी ८ रुपयांत मोठे काम देऊ केले तर घ्यावे का? चक्की रिकामी असेल तर जरूर घ्यावे, कारण दीड रुपया स्थिर खर्च फेडायला उपयोगी पडतो. ऐन हंगामात मात्र तेच काम घेतले तर साडेतीन रुपयांचे गिऱ्हाईक दारातून परत जाते.

आपला सुतार लाकूड आणि मजुरी जोडून कपाटाची किंमत सांगतो. यंत्राचा घसारा धरत नाही. ६०,००० रुपयांचे यंत्र पाच वर्षे चालणार असेल तर महिन्याला १,००० रुपये झिजते. महिन्याला वीस नग होत असतील तर नगामागे ५० रुपये. हे पन्नास रुपये किमतीत धरून बाजूला ठेवले नाहीत, तर पाच वर्षांनी यंत्र बंद पडते आणि कारागीर कर्ज काढतो. वेल्डर, शिलाईवाले आणि गॅरेजवाले यांनाही हेच लागू आहे.

कर आणि जकात

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. ताज्या मिरचीवर तो नाही, सुक्या मिरचीवर आणि पुडीवर ५ टक्के आहे. २१,२५,००० च्या विक्रीवर १,०६,२५० रुपये कर जमा होतो. तो गल्ल्यात येतो, पण आपला नाही. ती अमानत आहे. ती वेगळी ठेवली नाही की भरणा करताना भांडवलाला हात लागतो.

लहान व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशन योजना आहे. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर व्यापाऱ्याला १ टक्का कर भरून मोकळे होता येते. एक टक्का ऐकून पुष्कळ जण धावतात. पण हा कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राज्याबाहेर माल विकता येत नाही. आपला जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर आहे. नवापूरच्या दुकानदाराला सीमेपलीकडचे गिऱ्हाईक सोडावे लागत असेल तर एक टक्क्याची बचत त्याला महाग पडेल. ज्याची सारी विक्री गावातच आहे त्याला मात्र ती योजना सोयीची ठरेल.

जकातीचा हिशेबही वहीवाचून होत नाही. विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर जकात आहे आणि ती खरेदीच्या किमतीवर नव्हे, जकातीच्या दिवशीच्या बाजारभावावर काढतात. चक्की, काटा, गाळा ही धंद्याची साधने त्यात येत नाहीत. समजा त्या दिवशी १२५ क्विंटल माल १२,००० च्या भावाने १५,००,००० रुपयांचा आहे, रोख २,००,०००, वसूल होण्यासारखी उधारी ३,००,००० आणि देणे ४,००,००० आहे. शिल्लक १६,००,००० आणि अडीच टक्क्यांनी जकात ४०,००० रुपये. देणे वजा करण्याच्या तपशिलात मतभेद आहेत, ते आपल्या उलेमांना विचारावेत. पण आकडेच नसतील तर आलिमसाहेब तरी काय सांगणार?

मागणी करावी, पण आकड्यांसह

सरकारी धोरणालाही हेच नियम लागू होतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला आणि लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथेच ही आपत्ती पुन्हा आली. भरपाई मारलेल्या पक्ष्यामागे मोजली जाते. रिकाम्या शेडचा स्थिर खर्च, थांबलेली विक्री आणि परत न आलेले गिऱ्हाईक त्या मोजणीत येत नाही. कुक्कुटपालकाने हा धोका किमतीत आणि राखीव निधीत धरला पाहिजे, हा त्यातला धडा.

मिरचीचेही तसेच आहे. पीकविमा शेतकऱ्याच्या पिकाला आहे, व्यापाऱ्याने विकत घेऊन पथारीवर टाकलेल्या मालाला नाही. म्हणून छपराखालील वाळवणीची किंवा सौर वाळवणी यंत्रांची मागणी योग्य आहे. पण नुसते निवेदन पुरत नाही. एक कोटीची शेड वीस वर्षे टिकली तर वर्षाला पाच लाख, देखभालीसह सहा लाख खर्च. तीन वर्षांतून एकदा पावसाने साठ लाखांचे नुकसान होत असेल तर वर्षाला सरासरी वीस लाख. शेडने त्यातले निम्मे वाचले तर फायदा दहा लाख, म्हणजे शेड परवडते. फक्त चौथा हिस्सा वाचला तर फायदा पाच लाख, म्हणजे परवडत नाही. हे आकडे व्यापाऱ्यांच्या वहीतूनच निघू शकतात. पावसाच्या वेळी कोणाचा किती माल पथारीवर होता याची नोंदच नसेल, तर कोणता अधिकारी ऐकेल?

आजपासून एवढे करा

दुकान आणि घर यांचा पैसा वेगळा ठेवा. रोजची रोजकीर्द रात्री झोपण्यापूर्वी लिहा. प्रत्येक लॉटचे ओले आणि सुके वजन नोंदवा. स्वतःचा व मुलांचा पगार आणि यंत्राचा घसारा खर्चात धरा. उधारीची मुदत लिहून, शक्य तेथे सही घेऊन ठेवा. घरात शिकलेली मुलगी असेल तर वही तिच्या हाती द्या. पुष्कळ घरांत हिशेब जाणणारी मुलगी बसून असते आणि बाप अंदाजाने धंदा करीत असतो.

रोजी देणारा अल्लाह आहे, पण मोजणे आणि लिहिणे त्याने आपल्यावर सोपवले आहे. एक हिशेब त्याच्यापुढे द्यायचाच आहे, त्याआधी आपला आपल्याशी हिशेब स्वच्छ असावा. अल्लाह आपल्या व्यापारात बरकत देवो.